सावली कापली जाते, ब्लर हरवतो : व्हेक्टर चित्रांच्या एक्स्पोर्टविषयी वाचकांचे प्रश्न

आंब्याच्या पेट्यांची लेबले, जत्रेचे फ्लेक्स, होमस्टेच्या पाट्या. या वेळची पत्रे कामाची आहेत आणि जवळपास प्रत्येकात एकच अडचण आहे: व्हेक्टर चित्राला (रेषा-आकारांच्या गणिताने साठवलेल्या चित्राला) दिलेला ब्लर, सावली किंवा पोत पीएनजीत, म्हणजे पिक्सेलच्या चित्रफाइलीत, उतरताना बिघडतो. बहुतेक वाचक इंकस्केप हा व्हेक्टर चित्रांचा प्रोग्रॅम वापरतात, म्हणून मेन्यूंची नावे त्यातली दिली आहेत.

प्रश्न : हापूसच्या पेटीवरच्या लेबलात नावाची अक्षरे एका लांबट पट्टीत आहेत. एका जुन्या फाइलमधला सावलीचा फिल्टर त्यांना लावला. पीएनजी मोठी करून पाहिली तर सावली डाव्या-उजव्या बाजूला मऊ विरते, पण खाली सुरीने कापल्यासारखी सरळ संपते. डीपीआय (दर इंची पिक्सेल) ९६ वरून ३०० केले, तरी तेच. – आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : डीपीआय कितीही वाढवले तरी ही कड जाणार नाही, कारण दोष रिझोल्यूशनचा नाही, चौकटीचा आहे. फिल्टर हा चित्रातला आकार नसतो. चित्र आधी पिक्सेलमध्ये उतरते, मग एका ठरावीक आयतातल्या पिक्सेलवर फिल्टरचे गणित चालते. त्या आयताबाहेर गेलेली सावली सरळ टाकून दिली जाते. फिल्टरमध्ये वेगळे काही लिहिलेले नसेल तर एसव्हीजीच्या, म्हणजे व्हेक्टर फाइलच्या फॉरमॅटच्या, नियमाप्रमाणे हा आयत वस्तूच्या चौकटीपेक्षा प्रत्येक बाजूला १० टक्के मोठा धरतात. आडव्या दिशेला रुंदीच्या १० टक्के, उभ्या दिशेला उंचीच्या १० टक्के.

तुमच्या लांबट पट्टीचे दुखणे इथेच आहे. समजा अक्षरांची पट्टी ४०० पिक्सेल रुंद आणि ४० पिक्सेल उंच आहे. बाजूंना ४० पिक्सेलची मोकळीक मिळते, वर-खाली फक्त ४ ची. गाउसियन ब्लर त्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (ब्लर किती पसरट ते ठरवणाऱ्या आकड्याच्या) साधारण तिप्पट अंतरापर्यंत पसरतो. डेव्हिएशन ६ असेल तर १८ पिक्सेल. सावली ५ पिक्सेल उजवीकडे आणि ५ खाली सरकवलेली असेल तर दोन्हीकडे २३ पिक्सेल जागा हवी. उजवीकडे ४० आहेत, म्हणून तिथे सावली पूर्ण येते. खाली ४ आहेत, म्हणून ती कापली जाते. वरची बाजूही कापली जात असणार, पण तिथे सावली फिकट असल्याने लक्षात येत नाही.

दुरुस्ती अशी. वस्तू निवडून फिल्टर्स मेन्यूतून फिल्टर एडिटर उघडा. यादीत त्या वस्तूच्या फिल्टरवर खूण दिसेल. खालच्या भागात फिल्टर जनरल सेटिंग्ज नावाचा टॅब आहे; त्यात कोऑर्डिनेट्स आणि डायमेन्शन्स असे आकड्यांचे दोन जोड दिसतात. मूळ आकडे उणे ०.१, उणे ०.१ आणि १.२, १.२ असतील. वरच्या उदाहरणात वाय उणे ०.५ आणि उंची २.२५ करा. म्हणजे वर पट्टीच्या निम्मी आणि खाली पाऊण उंची मोकळी मिळते. एक्स आणि रुंदीला हात लावू नका.

सरसकट १० सारखा मोठा आकडा टाकण्याचा मोह टाळा. आयत दोन्ही दिशांना पाचपट केला तर क्षेत्रफळ पंचवीसपट होते आणि फिल्टरच्या प्रत्येक टप्प्याला तेवढी मेमरी लागते. ३०० डीपीआयच्या एक्स्पोर्टला संगणक रेंगाळतो तो बऱ्याचदा यामुळेच.

डेव्हिएशनचा आकडा कोणत्या एककात आहे तेही पाहा. इंकस्केपचा नेहमीचा कोरा कागद मिलिमीटरमध्ये आखलेला असतो. त्यात ६ लिहिले की ते ६ मिलिमीटर, म्हणजे ९६ डीपीआयला जवळजवळ २३ पिक्सेल. जुन्या फाइलमधला फिल्टर नव्या कागदावर आणल्यावर सावली एकदम फुगते ती याच कारणाने. उलट इंकस्केपमधल्या फिल अँड स्ट्रोक पटलावरच्या पट्टीने ब्लर दिला तर हा आयत प्रोग्रॅम स्वतः वाढवतो. त्रास होतो तो दुसरीकडून आणलेल्या किंवा हाताने लिहिलेल्या फिल्टरांचा.

एक शक्यता मात्र आधी वगळून घ्या. कापलेली कड लेबलाच्या कागदाच्या कडेशी तंतोतंत जुळत असेल, तर फिल्टर निर्दोष आहे आणि एक्स्पोर्टच्या खिडकीत पेज निवडलेले आहे. तिथे ड्रॉइंग किंवा सिलेक्शन निवडा. सिलेक्शन घेऊनही सावली कापली गेली तर प्रेफरन्सेसमध्ये टूल्स या विभागात बाउंडिंग बॉक्स जॉमेट्रिक ठेवलेला आहे का ते पाहा. तो व्हिज्युअल हवा. जॉमेट्रिकमध्ये सावली आणि रेषेची जाडी मोजलीच जात नाही.

प्रश्न : पडद्यावर ब्लर खडबडीत, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. पीएनजीही तशीच येईल का? – विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर : नाही. प्रेफरन्सेसमधल्या रेंडरिंग विभागात ब्लर आणि फिल्टरच्या दर्जाच्या ज्या पायऱ्या आहेत, त्या फक्त पडद्यासाठी. बिटमॅप एक्स्पोर्ट नेहमी सर्वोत्तम दर्जानेच होतो. संगणक जुना असेल तर पडद्याचा दर्जा खुशाल कमी ठेवून काम करा. आणि पडद्यावर फिल्टर मुळीच दिसत नसेल, पण पीएनजीत उमटत असेल, तर व्ह्यू मेन्यूत डिस्प्ले मोड 'नो फिल्टर्स' वर गेलेला आहे. तो नॉर्मल करा.

प्रश्न : गावच्या जत्रेतल्या दशावतारी नाटकाचा १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स करतो आहे. मागे ब्लर केलेले मंदिर आणि रंगाला थोडा दाणेदार पोत, पुढे अक्षरे. ३०० डीपीआयला एक्स्पोर्ट केला की प्रोग्रॅम अडकतो, नाहीतर त्रुटीचा संदेश येतो. – डीटीपी व्यावसायिक, कुडाळ

उत्तर : आधी हिशेब मांडू. १० फूट म्हणजे १२० इंच. ३०० ने गुणले की ३६,००० पिक्सेल. ४ फुटांचे १४,४००. एकूण ५१.८४ कोटी पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एकट्या अंतिम चित्राला २ जीबीच्या वर मेमरी. फिल्टरच्या मधल्या टप्प्यांची मेमरी त्याशिवाय. त्यातही इंकस्केप ज्या कैरो लायब्ररीवर चित्र काढते, तिची एका बाजूची मर्यादा ३२,७६७ पिक्सेल आहे. तुमची रुंदी तीच ओलांडते. रॅम वाढवून हे सुटणार नाही.

आणि सोडवायची गरजही नाही. फ्लेक्स काही फुटांवरून पाहतात. पूर्ण मापाला ७२ ते १०० डीपीआय पुरतात. ७२ ला चित्र ८,६४० बाय ३,४५६ पिक्सेलचे होते, मेमरी सुमारे १२ कोटी बाइट. १०० ला १२,००० बाय ४,८००. दोन्ही साध्या संगणकावर निघतात. फाइल दहाव्या हिश्श्याच्या मापात, म्हणजे १२ बाय ४.८ इंचांत आखली असेल तर एक्स्पोर्टला ७२० लिहा. पिक्सेल तितकेच येतील. फिल्टरची मापे कागदाच्या एककांत असल्यामुळे ब्लरही त्याच प्रमाणात वाढतो, वेगळी आकडेमोड लागत नाही.

तरीही वेळ लागत असेल तर ब्लर केलेली पार्श्वभूमी वेगळी काढा. आम्ही हीच पद्धत सुचवू, कारण ब्लर झालेल्या चित्रात बारीक तपशील उरलेलाच नसतो. त्यासाठी जास्त पिक्सेल खर्च करणे वाया जाते. फ्लेक्सवर ब्लरचे डेव्हिएशन १ सेंटिमीटर असेल तर ३६ डीपीआयला ते १४ पिक्सेल होते, आणि तेवढ्यात ब्लर अगदी गुळगुळीत उतरतो. मंदिराचा थर एकटा दाखवून पूर्ण मापाच्या ३६ डीपीआयला पीएनजी करा. फाइल दहाव्या हिश्श्याची असेल तर हा आकडा ३६० होईल. ती पीएनजी एम्बेड करून (फाइलमध्येच सामावून) परत आणा, कागदाच्या मापाला बसवा, थराला कुलूप लावा आणि मूळ ब्लरचा थर लपवा. लपवलेल्या थराचे गणित होत नाही, त्यामुळे अंतिम एक्स्पोर्ट झपाट्याने होतो. अक्षरे मात्र शेवटपर्यंत व्हेक्टरच ठेवा.

दाणेदार पोताबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. तो टर्ब्युलन्स फिल्टरने येतो. दाण्याचे माप कागदाच्या एककांत ठरते, पण त्याचे सूक्ष्म पदर किती दिसतील हे डीपीआयवर अवलंबून असते. म्हणून पडद्यावर पसंत केलेला पोत मोठ्या एक्स्पोर्टमध्ये जास्त किरकिरा वाटतो. पूर्ण फ्लेक्स काढण्याआधी एक्स्पोर्टमध्ये कस्टम निवडून एक-दोन इंचांचा तुकडा अंतिम डीपीआयला काढा आणि १०० टक्के झूमवर पाहा. पोत बोचरा असेल तर फिल्टरमधला ऑक्टेव्ह्जचा (पोताच्या पदरांचा) आकडा कमी करा.

छापणाऱ्याकडे एसव्हीजी देऊ नका. फ्लेक्सवाले बहुधा कोरलड्रॉमध्ये फाइल उघडतात आणि एसव्हीजीतले फिल्टर तिथे जसेच्या तसे येतील याचा भरवसा नसतो. पीएनजी द्या, माप फूट-इंचांत वेगळे लिहून द्या.

प्रश्न : होमस्टेच्या लोगोला खाली हलकी सावली आहे. संगणकावर छान दिसतो, व्हॉट्सॲपवर पाठवला की मागे काळा चौकोन येतो. – होमस्टे चालक, मालवण

उत्तर : फोटो म्हणून पाठवले की चित्राचे जेपीईजी होते आणि जेपीईजीत पारदर्शकता नसते. पारदर्शक भाग काळा किंवा पांढरा भरला जातो आणि अर्धपारदर्शक सावली त्यात मळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे पीएनजी तशीच जाते. फक्त व्हॉट्सॲपवरच वापरायचा असेल तर लोगोखाली पांढरा आयत ठेवून एक वेगळी प्रत एक्स्पोर्ट करा. सावली पांढऱ्यावरच मिसळलेली असल्याने बिघडायला काही उरत नाही.

प्रश्न : लाकडी खेळण्यांच्या दुकानाची पाटी मराठीत आहे. फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नाही म्हणून अक्षरे पाथमध्ये बदलली. नंतर सावली दिली तर प्रत्येक अक्षराची सावली शेजारच्या अक्षरावर पडते आणि शिरोरेषा तुटक दिसते. – दुकानदार, सावंतवाडी

उत्तर : इंग्रजी पाट्यांना हा त्रास क्वचित होतो, कारण तिथे अक्षरे सुटी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली, मात्रा आणि काने एकमेकांवर चढलेले. ऑब्जेक्ट टू पाथ केल्यावर मजकुराचा एक गट होतो आणि त्यात प्रत्येक अक्षराचा वेगळा पाथ असतो. गट सोडवून सगळे पाथ निवडले आणि फिल्टर दिला, की इंकस्केप तो प्रत्येक पाथला स्वतंत्र लावते. मग मागच्या अक्षराच्या अंगावर पुढच्या अक्षराची सावली येणारच.

आधी ते फिल्टर काढा: सगळे निवडून फिल्टर्स मेन्यूतले रिमूव्ह फिल्टर्स. मग पाथ मेन्यूतून युनियन करा, शॉर्टकट कंट्रोल आणि अधिकची खूण. सगळा शब्द एकच पाथ होतो, शिरोरेषा सलग होते, आणि सावली एकदाच पडते. अक्षरांना बाहेरून रेघ दिली असेल तर जोडांवर जे आडवेउभे काप दिसतात तेही युनियनने जातात. अक्षरांना वेगवेगळे रंग ठेवायचे असतील तर युनियन चालणार नाही. तेव्हा कंट्रोल-जी करून गट करा आणि फिल्टर गटाला द्या. गटाला दिलेला फिल्टर सगळ्या अक्षरांचे मिळून एकच चित्र धरतो.

पाथमध्ये बदलण्याआधी मूळ मजकुराची प्रत एका लपवलेल्या थरात ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली की तिची गरज पडते.

प्रश्न : पर्यटनाच्या संकेतस्थळासाठी किल्ले, किनारे, जेट्टी यांची चिन्हे एसव्हीजीत आहेत. सर्व्हरवर प्रोग्रॅमने पीएनजी होतात. काहींच्या सावल्या गायब, काहींचे रंग वेगळे, आणि समुद्राची आडवी रेघ ब्राउझरमध्ये दिसतच नाही. फाइल इंकस्केपमध्ये ठीक आहे. – वेब डेव्हलपर, रत्नागिरी

उत्तर : इथे तीन स्वतंत्र दोष आहेत.

सावल्या गायब होतात, कारण एसव्हीजी वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम सगळे फिल्टर राबवत नाही. पायथॉनच्या कैरोएसव्हीजीमध्ये फिल्टरांपैकी थोडेच आहेत आणि गाउसियन ब्लर त्यांत नाही. इमेजमॅजिकचे वागणे त्याला कोणता रेंडरर (एसव्हीजीचे पिक्सेल करणारा भाग) जोडला आहे त्यावर ठरते. त्याला फॉरमॅटांची यादी दाखवायला सांगा; एसव्हीजीच्या ओळीत आरएसव्हीजी असेल तर लिबआरएसव्हीजी वापरले जाते आणि फिल्टर येतात. तसे नसेल आणि इंकस्केपही जोडलेले नसेल तर त्याचा स्वतःचा रेंडरर काम करतो, त्याच्याकडून फिल्टरची अपेक्षा करू नका. सर्व्हरवर थेट लिबआरएसव्हीजी, इंकस्केप किंवा खिडकीविना चालवलेला क्रोम वापरा. इमेजमॅजिकच ठेवायचे असेल तर डेन्सिटीचा पर्याय इनपुट फाइलच्या नावाआधी लिहा. नंतर लिहिला तर चित्र आधी कमी पिक्सेलमध्ये उतरते आणि मग नुसते ताणले जाते.

फिल्टर लिहिण्याची पद्धतही महत्त्वाची. एसव्हीजीत ड्रॉप शॅडो नावाचा एक आटोपशीर घटक नंतर आला आणि सीएसएसमध्ये ड्रॉप-शॅडो हे फंक्शन आहे. ब्राउझर दोन्ही ओळखतात, जुनी साधने ओळखत नाहीत. गाउसियन ब्लर, ऑफसेट, फ्लड, कंपोझिट आणि मर्ज असे पाच टप्पे सुटे लिहिलेत तर फिल्टर जाणणाऱ्या जवळपास सगळ्या साधनांत सावली सारखी येते. बॅकग्राउंड इमेज हे इनपुट घेणारे जुने फिल्टर मात्र काढूनच टाका; ब्राउझरांनी ते स्वीकारलेले नाही.

रंगांचा फरक रंगमिश्रणाच्या पद्धतीमुळे पडतो. नियमानुसार फिल्टरचे गणित लिनिअर आरजीबीत (प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात मोजलेल्या रंगांत) होते, जोपर्यंत फाइलमध्ये वेगळे सांगितलेले नसते. काळा आणि पांढरा अर्धाअर्धा मिसळला तर एसआरजीबीत (पडद्याच्या नेहमीच्या रंगमापात) २५५ पैकी १२८ चा करडा येतो, लिनिअरमध्ये १८८ चा, म्हणजे बराच उजळ. एखादे साधन हा नियम पाळत नसेल तर तीच फाइल तिथे काळपट दिसते. इंकस्केपच्या एक्सएमएल एडिटरमध्ये फिल्टरच्या मुख्य घटकावर कलर-इंटरपोलेशन-फिल्टर्स हा गुण एसआरजीबी असा स्पष्ट लिहा. गृहीत धरायला जागाच ठेवली नाही की साधने आपापसात जुळतात.

समुद्राची रेघ. अगदी आडव्या रेषेच्या चौकटीची उंची शून्य असते, रेघेची जाडी त्यात मोजत नाहीत. फिल्टरचा आयत टक्केवारीत असेल तर शून्याचे कितीही टक्के शून्यच, आणि मग फिल्टरसकट रेघही नाहीशी होते. उभ्या डोलकाठीलाही हेच होईल. रेषेऐवजी २ पिक्सेल उंचीचा आयत काढा आणि फिल्टरची चौकट पुरेशी वाढवा, किंवा फिल्टरचे एकक यूझर स्पेस ऑन यूज करून आयताचे आकडे थेट लिहा. पहिला उपाय सोपा आहे.

प्रश्न : कोकम सरबताच्या बाटलीचे लेबल प्रेसला पीडीएफ करून दिले. अक्षरे स्वच्छ छापली, पण बाटलीमागची चमक चौकोनी ठिपक्यांची आली. – गृहउद्योजिका, चिपळूण

उत्तर : पीडीएफ करताना इंकस्केप फिल्टर लावलेल्या वस्तूंचेच बिटमॅप करते, बाकी सगळे व्हेक्टर राहते. म्हणून अक्षरे स्वच्छ आली. त्या बिटमॅपचे रिझोल्यूशन पीडीएफ जतन करतानाच्या खिडकीत असते आणि मूळ आकडा ९६ असतो. तो ३०० करा. फिल्टर रास्टराइझ करण्याची खूण काढू नका, नाहीतर चमकच जाईल. पीडीएफ आरजीबीत जाते, तेव्हा चमकेचा रंग प्रेसच्या नमुन्यावर पाहूनच मंजुरी द्या. कोकमाचा गडद लाल चार शाईंच्या छपाईत फिका पडू शकतो.

प्रश्न : सूर्यास्ताच्या आकाशाला मोठा ब्लर दिला आहे. पीएनजीत रंगांचे पट्टे दिसतात. ब्लर वाढवला तर पट्टे आणखी रुंद होतात. – चित्रकार, वेंगुर्ले

उत्तर : ब्लर वाढवून ते वाढणारच. नेहमीच्या पीएनजीत प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या असतात. आकाशाचा रंग वरून खाली फक्त ४० पायऱ्यांनी बदलत असेल आणि चित्र ४,००० पिक्सेल उंच असेल, तर प्रत्येक पायरी १०० पिक्सेलचा पट्टा होते. ब्लर जितका मोठा तितका उतार मंद, तितका पट्टा रुंद. डीपीआय वाढवले तर पट्टे पिक्सेलमध्ये आणखी रुंद होतील, कमी होणार नाहीत.

आधी पीएनजी २५६ रंगांच्या पॅलेटची तर झालेली नाही ना ते तपासा. फाइल लहान करणारी काही साधने असे करतात आणि मग पट्टे फार ठळक होतात. पूर्ण रंगांची फाइल असूनही पट्टे दिसत असतील तर इलाज दाण्यांचा. पीएनजी गिंप या चित्र सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, आकाश निवडा, फिल्टर्स मेन्यूतल्या नॉइज विभागातून आरजीबी नॉइज अगदी कमी प्रमाणात द्या, ०.०२ पासून सुरुवात करून पट्टे मोडेपर्यंतच वाढवा. पायऱ्यांच्या कडा विस्कटतात आणि डोळ्याला उतार सलग वाटतो. फाइलचा आकार बराच वाढेल, कारण दाणे पीएनजीत नीट दाबले जात नाहीत. संकेतस्थळावर टाकायचे असेल तर अशा चित्राची जेपीईजी ९० च्या आसपासच्या दर्जाने करा. त्याहून बराच कमी दर्जा घेतला तर दाणे पुसले जाऊन पट्टे परत येतात.